सूतिका-परिचर्या : भूक, बल आणि देश

प्रस्तावना

स्त्रीच्या आयुष्यातील ज्या चाळीस दिवसांत तिला वैद्याची सर्वाधिक गरज असते, त्याच चाळीस दिवसांत ती वैद्यासमोर येत नाही. आपल्याकडे येतो तो तिचा नवरा, सासरा किंवा धाकटा दीर. दुकानाच्या फळीवर हात टेकून तो म्हणतो, "बाळंतकाढा द्या." सोबत कधी घरातील वडीलधाऱ्या बाईने सांगितलेली यादी असते : डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशेप, वावडिंग, खारीक. आपण पुडे बांधून देतो, बाटली देतो, आणि व्यवहार पूर्ण होतो. बाळंतीण कशी आहे, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

प्रस्तुत लेखाचा उद्देश हा प्रश्न पुन्हा व्यवहारात आणण्याचा आहे. सूतिका-परिचर्या हा आयुर्वेदाचा समाजात आजही जिवंत असलेला भाग आहे. इतर ऋतुचर्या-दिनचर्या विसरल्या गेल्या, पण सव्वा महिना पाळणारी घरे आमच्या कन्हान परिसरात अजूनही बहुसंख्य आहेत. मात्र ही परिचर्या सरसकट एकाच साच्यातून दिली जाते. मे महिन्यातील बाळंतिणीला आणि पौषातील बाळंतिणीला, सुखप्रसवेला आणि पोटावर टाके असलेलीला, भूक लागलेलीला आणि न लागलेलीला तोच शेक, तेच लाडू, तोच काढा. संहितांचा आशय मात्र वेगळा आहे. तो समजून घेतला तर प्राचीन उपचार अधिक उपयोगी ठरतील आणि त्यांच्या आड लपणारे धोके वेळेवर दिसतील.

सूतिका कोणास म्हणावे?

काश्यपसंहितेनुसार अपरा पडल्यानंतरच स्त्रीला 'सूतिका' ही संज्ञा प्राप्त होते. अपरा आत असेपर्यंत प्रसव पूर्ण झालेला नाही, हा त्यातील व्यवहारी अर्थ आहे. सूतिकाकाल सुश्रुताने दीड महिन्याचा सांगितला असून काहींच्या मते पुन्हा आर्तवदर्शन होईपर्यंत तो मानावा. धातू पूर्ववत होण्यास सहा महिने लागतात, असा काश्यपांचा विचार आहे. लोकरूढीचा सव्वा महिना आणि आधुनिक प्रसूतिशास्त्राचे ४२ दिवस सुश्रुताच्या दीड महिन्याच्या आसपासच येतात. शासनाच्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात (२०१८) प्रसूतीनंतर लोह व फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस द्यावयाची आहे. सहा महिन्यांचा काश्यपोक्त काल आणि हे १८० दिवस यांत वैद्याने विरोध पाहू नये; रक्तधातूच्या भरणास वेळ लागतो, हे दोन्हीकडे मान्य आहे.

चरकाचार्यांनी सूतिकेचे व्याधी कष्टसाध्य किंवा असाध्य का होतात, याचे कारण दिले आहे. गर्भवाढीमुळे धातू शिथिल झालेले असतात, आणि प्रवाहणाचे श्रम व क्लेद-रक्ताचा स्राव यांमुळे शरीर 'शून्य' झालेले असते. येथे वाताचे प्राधान्य आहे, पण ते रिक्ततेतून आलेले आहे. म्हणून सूतिकोपचाराचा हेतू केवळ 'वात मारणे' हा नसून ती रिक्तता योग्य गतीने भरून काढणे हा आहे.

संहितोक्त क्रम व त्याच्या तीन अटी

चरक शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील वर्णन आपणा सर्वांस पाठ आहे. सूतिकेस स्नेह पाजावा. त्यात पिप्पली, पिप्पलीमूळ, चव्य, चित्रक व शुंठी यांचे चूर्ण घालावे. उदरास तूप-तेल लावून मोठ्या वस्त्राने वेष्टन करावे. स्नेह जिरल्यावर त्याच द्रव्यांनी सिद्ध, पातळ व स्निग्ध यवागू द्यावी. दोन्ही वेळा उष्णोदकाने परिषेक करावा. असे पाच किंवा सात रात्री झाल्यावर क्रमाने आप्यायन करावे.

या वर्णनातील पहिली अट आपण बहुधा ओलांडून जातो. चरकांनी 'सूतिका भुकेली आहे असे जाणून' स्नेह द्यावा असे म्हटले आहे. भूक नसेल तर स्नेहाचा अधिकारच नाही. आज रुग्णालयातून घरी आलेल्या मुलीला दुसऱ्याच दिवशी तुपात तळलेल्या डिंकाचे दोन लाडू दिले जातात, तिसऱ्या दिवशी पोट फुगते, आणि 'वात झाला' म्हणून सुंठीचे प्रमाण वाढवले जाते. मूळ दोष अग्नीचा विचार न करण्याचा असतो.

दुसरी अट सुश्रुतांनी घातली आहे. धन्वभूमीत, म्हणजे कोरड्या प्रदेशात जन्मलेल्या सूतिकेस तूप किंवा तेलाची मात्रा पिप्पल्यादि कषायाच्या अनुपानाने द्यावी. ती बलवती असेल तर तीन वा पाच रात्री स्नेहन करावे, अबला असेल तर तितकेच दिवस यवागू द्यावी. बल पाहून मार्ग बदलतो.

तिसरी अट काश्यपांची. त्यांनी आनूप, जांगल व साधारण देशानुसार सूतिकोपचारच बदलला आहे. आनूप देशात वात-कफाचे प्राबल्य असल्याने आरंभी स्नेहाचा हात आखडता घेऊन मंडादि अग्निबलवर्धक आहार व स्वेदन सांगितले. जांगल देशात स्नेहास प्राधान्य दिले. साधारण देशात मध्यम मार्ग सांगितला.

भूक, बल आणि देश या तीन कसोट्यांना उतरल्याशिवाय कोणताही सूतिकोपचार शास्त्रीय म्हणता येत नाही. नुसता 'परंपरागत' असणे पुरेसे नाही.

देश-काल विचार : कन्हान परिसर

कन्हान नदीच्या काठी, कामठीच्या पलीकडे आणि नागपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेला आमचा हा भाग साधारण देशात गणावा लागेल. मात्र ऋतूनुसार त्याचे रूप पालटते. वैशाख-ज्येष्ठात नागपूर परिसराचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या काळात हा जांगलाहूनही रूक्ष व पित्तप्रकोपक प्रदेश असतो. श्रावण-भाद्रपदात नदीकाठच्या ओलसर घरांत आनूप देशाची लक्षणे दिसतात. पौष-माघात थंडीही चांगलीच असते. तेव्हा एका गावात तीन देश नांदतात, असे मानूनच परिचर्या ठरवावी.

ग्रीष्मातील सूतिका : पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या बंद खोलीत, दारे-खिडक्या लावून, कानाला फडके बांधून, बाजेखाली शेगडी ठेवलेली स्त्री उष्माघाताच्या उंबरठ्यावर असते. तिच्या बाबतीत शेक वर्ज्य समजावा. अभ्यंग सकाळी लवकर, परिषेक कोमट पाण्याने. खोलीत आडवा वारा असावा; प्रवात टाळणे म्हणजे हवा कोंडणे नव्हे. पंखा सरळ अंगावर न घेता चालू ठेवण्यास हरकत नाही. सुंठ-पिंपळीची मात्रा निम्म्याहून कमी करावी. तूप, मनुका, धणे-जिऱ्याचे पाणी, शतावरी यांस प्राधान्य द्यावे.

वर्षाऋतूतील सूतिका : येथे पंचकोल, मंड, लघु आहार आणि धूपन यांना खरा वाव आहे. जड लाडू अग्नी पाहून उशिरा सुरू करावेत. कपडे व घड्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात. ओलसर घड्यांमुळे योनिकंडू व टाक्यांचा पाक होतो.

शीतकालातील सूतिका : शास्त्रोक्त स्नेहन-स्वेदनासाठी हा सर्वांत अनुकूल काळ. लोकरूढीचा संपूर्ण संच मुख्यतः याच ऋतूला लागू पडतो.

घरातील चार रूढी व त्यांचे परीक्षण

१. शेक-शेगडी. हा विषय आमच्या भागासाठी अत्यंत गंभीर आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी आजूबाजूस असल्याने दगडी कोळसा येथे घरोघरी ओळखीचा आहे. बंद खोलीत दगडी कोळशाची, किंबहुना कोणत्याही कोळशाची, शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याची पहिली लक्षणे डोके दुखणे, मळमळ, चक्कर व गळून जाणे ही आहेत. घरातील माणसे नेमकी याच लक्षणांना 'वारं लागलं' म्हणतात आणि शेगडी आणखी पेटवतात. शेजारी झोपलेले अर्भकही तोच वायू घेत असते. शेक द्यावयाचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेले फडके किंवा ओव्याची पुरचुंडी वापरावी. पेटता निखारा खोलीत ठेवू नये, हा नियम वैद्याने ठामपणे सांगावा. ओवा-वेखंड-बाळंतशेपेची धुरी द्यायची तर दार-खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ, अर्भकास दुसऱ्या खोलीत नेऊन द्यावी. ताज्या टाक्यांवर निखाऱ्याची धुरी देऊ नये. भाजल्याने टाके चिघळतात.

२. पाणी तोडणे. 'पाणी प्यायले की पोट सुटते' या समजुतीने दिवसाला दोन-तीन पेल्यांवर भागवण्याची चाल अनेक घरांत आहे. संहितेत उष्णोदक सांगितले आहे, अनुदक सांगितलेले नाही. पाणी तोडल्याने मलावरोध, मूत्रदाह, मूत्रमार्गाचा संसर्ग व शोष होतो. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलग्रस्त मातेत पाण्याची कमतरता वेदनांच्या तीव्र झटक्याचे सरळ कारण ठरू शकते. अशा मातेस लोहाची गोळीही रक्ततपासणी करून व तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी. पाणी उकळून, हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात शृतशीत, तहान भागेल इतके द्यावे. सोपी खूण सांगावी : लघवी फिकट पिवळी असली पाहिजे.

३. पोट बांधणे. उदरवेष्टन चरकोक्त आहे आणि सुखप्रसवेनंतर त्याने कंबरेला आधार मिळतो. परंतु वेष्टन म्हणजे आवळणे नव्हे. श्वास घेताना अडथळा नसावा, जेवताना व रात्री ते सैल असावे. अति आवळल्यास ओटीपोटावर भार वाढून योनिभ्रंशाकडे कल असलेल्या स्त्रीस अपाय होतो.

४. आहाराचा अतिरेक व अभाव. एकीकडे लाडवांचा मारा आणि दुसरीकडे डाळ, भाजी, फळे बंद, असे विचित्र पथ्य आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने स्तनपान देणाऱ्या मातेस रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक लागतात, प्रथिनेही जास्त लागतात. केवळ तूप-गुळाने ही गरज भागत नाही.

दिवसवार आहारक्रम

आपल्या घरच्या पदार्थांतच संहितोक्त क्रम दडलेला आहे. तांदूळ चौदापट पाण्यात शिजवून गाळला की मंड, सहापट पाण्यात यवागू, चौपट पाण्यात विलेपी. भाताची पेज, ज्वारीच्या कण्या, मऊ मुगाची खिचडी हीच त्यांची वैदर्भीय रूपे होत.

पहिले तीन दिवस : भूक लागेल तेव्हा पेज किंवा पातळ कण्या, त्यात चिमूटभर सुंठ, जिरे व एक चमचा तूप. दूध पचत असल्यास सुंठ घालून उकळलेले.

चौथा ते सातवा दिवस : मुगाचे वरण, मऊ भात, शेवग्याच्या पानांची किंवा शेपूची भाजी, लसणीची फोडणी, ज्वारीची मऊ भाकर. मांसाहारी कुटुंबात पातळ मांसरस. सुश्रुतांनी यव-कोल-कुलत्थ यूषासह जांगल मांसरस याच टप्प्यावर सांगितला आहे.

आठवा ते बारावा दिवस : तुरीचे वरण, फळभाज्या, ऋतूतील फळे. अळिवाची खीर सकाळी अर्धी वाटी.

बाराव्या दिवसानंतर : अग्नी स्थिर असल्यास डिंक-मेथीचा एक लहान लाडू सकाळी, तोही चावून व पाण्यासह. सौभाग्यशुंठी पाक अर्धा ते एक चमचा. मधुमेह असलेल्या किंवा गर्भारपणी साखर वाढलेल्या मातेस पाक, गूळ व अरिष्टे देताना विशेष जपावे.

शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली माता

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर चारांपैकी सुमारे एक प्रसूती शस्त्रक्रियेने होते. घरची परिचर्या सांगताना ही बाब पहिल्याच वाक्यात विचारून घ्यावी. अशा मातेचे शरीर एकाच वेळी सूतिकेचे व सद्योव्रणिताचे असते. पहिले काही दिवस अभ्यंग डोके, हात, पाय व पाठीपुरता. जखमेजवळ तेल, शेक, धुरी व लेप वर्ज्य. व्रण कोरडा ठेवावा. पोटाचे मर्दन सहा आठवडे करू नये व नंतरही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून करावे. पट्टा वापरल्यास तो मऊ, रुंद व व्रणावर न घासणारा असावा.

या मातेने सव्वा महिना बाजेवर पडून राहणे धोक्याचे आहे. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता वाढलेली असते, आणि शस्त्रक्रियेनंतर ती अधिक असते. खोलीतल्या खोलीत दिवसातून अनेकदा चालणे, घोटे वर-खाली हलवणे व भरपूर पाणी हा त्यावरचा साधा उपाय आहे. विश्रांतीचा अर्थ घरकामातून मुक्तता असा घ्यावा, हालचालींपासून मुक्तता असा नव्हे.

औषधी-विक्रेत्यांसाठी काही सूचना

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र विक्री-परवाना लागत नाही. म्हणूनच विक्रेत्याचा विवेक हाच येथे परवाना ठरतो.

दशमूलारिष्ट, जीरकाद्यरिष्ट यांत स्वयंजनित मद्यांश असतो. शस्त्रक्रियेनंतर वा टाक्यांसाठी मेट्रोनिडॅझोल हे औषध वारंवार दिले जाते, आणि त्याच्या सूचनापत्रातच मद्य वर्ज्य सांगितलेले असते. ग्राहकाकडे रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. त्यात हे औषध असल्यास ते संपून तीन दिवस होईपर्यंत अरिष्टाऐवजी दशमूळाचा ताजा क्वाथ ४० मि.ली. दोन वेळा देता येतो. अरिष्ट १५ ते २० मि.ली., तितक्याच पाण्यासह, जेवणानंतर. याहून अधिक मात्रा 'लवकर बरे वाटावे' म्हणून देऊ नये.

प्रतापलंकेश्वर रस सूतिकारोगात प्रसिद्ध आहे, पण त्यात वत्सनाभ आहे. वत्सनाभयुक्त कल्प औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ई (१) मध्ये मोडतात व वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर असतो. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय तो हातात देऊ नये. रक्तदाब वाढलेल्या मातेस ज्येष्ठमध मोठ्या मात्रेत देऊ नये, कारण त्याने रक्तदाब आणखी वाढू शकतो. मलावरोधासाठी तीक्ष्ण विरेचन टाळून तूप घातलेले गरम दूध, मनुका किंवा इसबगोल सुचवावे. बाळंतकाढ्याच्या निरनिराळ्या क्रमांकांच्या बाटल्या वेष्टनावरील क्रमानेच द्याव्यात. लोहाची गोळी चालू असल्यास कषायरसप्रधान काढे व चहा यांत आणि गोळीत दोन तासांचे अंतर ठेवण्यास सांगावे. अरिष्ट सुरू केले म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आहेत, असे उपरोक्त सर्वेक्षणच सांगते.

बंद दाराआड काय घडते?

विदर्भातीलच एक अभ्यास येथे सांगणे आवश्यक आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७७२ स्त्रियांची प्रसूतीकाळात व नंतर घरोघरी जाऊन नोंद केली. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतरच्या काळात शेकडा सुमारे ४३ स्त्रियांना काही ना काही व्याधी झाली. स्तनविकार शेकडा १८, उशिरा होणारा अतिरक्तस्राव शेकडा १५, जननमार्गाचा संसर्ग शेकडा १० असे त्याचे स्वरूप होते. या बहुतेक स्त्रिया घरीच प्रसूत झाल्या होत्या. आज प्रसूती रुग्णालयात होते, परंतु तीन-चार दिवसांनी माता त्याच खोलीत परतते.

महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर देशाचे ९७. ही प्रगती मोठी आहे. उरलेल्या मृत्यूंतही कित्येक टळण्याजोगे असतात. त्यासाठी कोणीतरी वेळेवर विचारावे लागते. परिचर्येचे बंद दार वाऱ्यापासून रक्षण करते, तसेच ते रक्तस्राव व ज्वरही लपवते.

फळीवरचे सहा प्रश्न

बाळंतकाढा मागण्यास आलेल्या प्रत्येक माणसास वैद्याने वा विक्रेत्याने पुढील प्रश्न विचारावेत. त्यास दोन मिनिटे लागतात. उत्तर येत नसेल तर घरी फोन लावून बाळंतिणीशी किंवा तिच्याजवळच्या बाईशी बोलावे.

१. बाळंत होऊन किती दिवस झाले, आणि प्रसूती कशी झाली?
२. अंगावरून जाणे वाढले आहे काय? तासाभरात एक घडी पूर्ण भिजते काय, लिंबाएवढ्या गाठी पडतात काय, दुर्गंधी आहे काय?
३. ताप आहे काय?
४. डोके फार दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात वरच्या बाजूस दुखते असे काही?
५. एका पोटरीला सूज व वेदना, किंवा दम लागणे?
६. ती नीट झोपते, बोलते, बाळाला घेते काय?

स्वाभाविक स्थिती अशी : योनिस्राव पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत फिकट गुलाबी-तपकिरी, पुढे पांढुरका; चार ते सहा आठवड्यांत तो संपतो. गर्भाशय दहा ते चौदा दिवसांत पोटावरून हाताला लागेनासा होतो. मक्कल्ल-शूल पहिले काही दिवस, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना जाणवतो व क्रमाने कमी होतो. या क्रमाच्या उलट काही घडत असेल तर, म्हणजे कमी झालेला रक्तस्राव पुन्हा लाल व जास्त झाला किंवा शूल वाढत गेला तर, औषध बदलण्यात वेळ घालवू नये.

ज्वराबाबत विशेष जपावे. काश्यपांनी स्तन्य उतरण्याच्या वेळी येणारा ज्वर वेगळा सांगितला आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन जड होऊन अंग कोमट लागते हे खरे. पण १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप 'दुधाचा ताप' म्हणून सोडून देऊ नये. सोबत दुर्गंधी स्राव, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजणे किंवा नाडी जलद असल्यास तो गर्भाशयाचा संसर्ग समजून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

रक्तदाब मोजण्याचे यंत्र प्रत्येक वैद्याकडे असते. गर्भारपणी दाब सामान्य असलेल्या मातेसही प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात. १४०/९० वा अधिक दाब आढळल्यास तत्काळ संदर्भसेवा द्यावी. १६०/११० असल्यास ती आणीबाणी होय. तीव्र शिरःशूलास सूतिकेत 'वातज' म्हणण्यापूर्वी दंडाला पट्टा बांधावा, ही शिस्त आपण स्वतःस लावून घेतली पाहिजे.

वाहनासाठी १०८ व १०२ हे क्रमांक दुकानात ठळक लावावेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात मातेस प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत मोफत उपचार मिळतात. आमच्या भागास कामठीचे उपजिल्हा रुग्णालय आणि नागपूरचे डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय जवळ आहे. रक्तस्रावाच्या रुग्णास तासाभराचाही विलंब परवडत नाही, हे नातेवाइकांस स्पष्ट शब्दांत सांगावे.

मनाची सूतिकावस्था

पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणे, चिडचिड होणे हे बहुतेक मातांत आढळते व दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे उदासी टिकली, बाळ झोपले असतानाही झोप येत नसेल, 'माझ्याने होणार नाही' असे ती वारंवार म्हणत असेल, तर तो सूतिकेचा विषाद समजावा. मुलगी झाली म्हणून घरात पसरलेली शांतता, माहेरी न पाठवणे, पहिल्या बाळाची आबाळ या गोष्टी त्यास खतपाणी घालतात. स्वतःस वा बाळास इजा करण्याचा विचार बोलून दाखवल्यास, किंवा असंबद्ध बोलणे व भास होत असल्यास एक क्षणही एकटे न सोडता मानसरोग तज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची टेलिमानस सेवा (१४४१६) २०२२ पासून उपलब्ध आहे. ब्राह्मी-शंखपुष्पी ही साहाय्यक होत. अशा अवस्थेत त्यांवर विसंबू नये. घरच्यांना एकच औषध लिहून द्यावे : रात्रीचे एक स्तनपान झाल्यावर बाळ दुसऱ्या कोणी तरी सांभाळावे व मातेस सलग चार तास झोपू द्यावे.

भेटींचे वेळापत्रक

जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतर पहिल्या २४ तासांशिवाय आणखी तीन तपासण्या सांगितल्या आहेत : ४८ ते ७२ तास, ७ ते १४ दिवस आणि सहावा आठवडा. रुग्णालयात प्रसूती झालेल्या घरी आशा कार्यकर्ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी येते. वैद्याने तिच्याशी परिचय ठेवावा. तिची सातव्या दिवसाची भेट आणि आपली पथ्यसूचना एकमेकींना पूरक ठरल्यास मातेस दोन वेगळे सल्ले मिळत नाहीत. शक्य तेथे वैद्याने स्वतः बाराव्या दिवसाच्या सुमारास घरी जाऊन नाडी, रक्तदाब, जिव्हा, स्तन, उदर व पाय पाहावेत. लाडू व पाक सुरू करण्याची अनुज्ञा याच भेटीत द्यावी. अशा रीतीने अनुज्ञा देण्याचा अधिकार आपणाकडे राहतो आणि अग्निपरीक्षण आपोआप घडते.

उपसंहार

सूतिका-परिचर्येतील स्नेहन, स्वेदन, वेष्टन, यवागू व आप्यायन हा क्रम आजही उपयुक्त आहे. तो भुकेच्या, बलाच्या आणि देशाच्या अटींसह दिला तरच तो शास्त्रोक्त ठरतो. उन्हाळ्यात शेक सोडणे, कोळशाची शेगडी खोलीबाहेर काढणे, पाणी मोकळे करणे, टाके असलेल्या मातेस चालते ठेवणे व लाडू बाराव्या दिवसापर्यंत थांबवणे यांत परंपरेचा त्याग नाही; संहितांचा आशयच त्यातून पाळला जातो.

समाजाने बाळंतिणीच्या खोलीचे दार इतरांना बंद केले, तरी काढ्याच्या निमित्ताने ते आपल्यासाठी किलकिले ठेवले आहे. बाटली देताना सहा प्रश्न विचारले तर त्या फटीतून एखादी ज्वरग्रस्त किंवा रक्तस्रावाने क्षीण होत चाललेली माता वेळेत दिसेल. आपल्या संघटनेच्या प्रत्येक सभासदाने हे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाच्या फळीमागे चिकटवावेत, अशी नम्र विनंती आहे.